विद्युत चोक

विद्युत चोक हा पेट्रोल इंजिनाच्या कार्बोरेटरमधील चोकची झडप विजेच्या उष्णतेने आपोआप उघडणारा भाग आहे. हाताने ओढायच्या चोकऐवजी तो वापरला जातो. जुन्या वाहनाला बदली कार्बोरेटर बसवताना त्याची वीजजोडणी बहुधा नव्याने करावी लागते.

कार्य

पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी वजनाने १ भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा लागते. इंजिन थंड असताना पेट्रोलची नीट वाफ होत नाही. त्यामुळे चोकची झडप हवेचा मार्ग अडवून मिश्रणातील पेट्रोलचे प्रमाण वाढवते. चोकच्या गोल डबीत द्विधातू पट्टीची गुंडाळी आणि एक तापक असतो. वीजप्रवाह सुरू होताच तापक गुंडाळीला तापवतो. दोन धातूंचे प्रसरण असमान असल्याने गुंडाळी उलगडते आणि काही मिनिटांत झडप उघडते.

काही स्कूटरांमध्ये गुंडाळीऐवजी मेण भरलेली नळी असते. तापलेले मेण फुगून दट्ट्या पुढे ढकलते व जादा पेट्रोलचा मार्ग बंद करते.

वीजजोडणी

हा चोक मुख्यतः तापकाच्या उष्णतेवर चालतो. इंजिन खरोखर तापले आहे की नाही, हे तो थेट मोजत नाही. म्हणून तापकाला वीज इंजिन चालू असतानाच मिळणे आवश्यक असते.

* तार थेट बॅटरीला जोडल्यास वाहन उभे असतानाही चोक उघडा राहतो, बॅटरी उतरते आणि थंड इंजिन सुरू होणे अवघड जाते.
* इग्निशन कॉइलवरून वीज घेतल्यास ठिणगी क्षीण होऊ शकते. कॉइलच्या आधी रोधक असल्यास चोकला पुरेसा दाबही मिळत नाही.
* इग्निशन स्विचनंतरच्या १२ व्होल्टच्या तारेवर फ्यूज घालून जोडणी करता येते. मात्र इंजिन बंद ठेवून किल्ली चालू राहिल्यास चोक वेळेआधी उघडतो. तेलदाबाच्या स्विचवर चालणारा रिले हा दोष टाळतो.
* डबीची अर्थ तार इंजिनाच्या स्वच्छ धातूला जोडावी लागते.

काही जुन्या परदेशी मोटारींत चोकला अल्टरनेटरवरून सुमारे ७ व्होल्ट दिले जात. अशा तारेवर १२ व्होल्टचा चोक लावल्यास तो सावकाश तापतो. झडप फार वेळ बंद राहिली की पेट्रोल वाया जाते, धुरातील कार्बन मोनॉक्साइड वाढतो आणि स्पार्क प्लगवर काजळी धरते.

डबीच्या कडेवरील खुणांनुसार ती फिरवून झडपेचा ताण कमी-जास्त करता येतो. छत्रपती संभाजीनगरात हिवाळ्यात पहाटेचे तापमान १० अंश सेल्सियसच्या आसपास उतरते आणि मे महिन्यात दुपारी ४० अंशांच्या घरात जाते. अशा हवामानात ताण जास्त ठेवल्यास उन्हाळ्यात चोक गरजेपेक्षा अधिक काळ लागून राहतो.

सद्यस्थिती

शहरालगतच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत बजाज ऑटोचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला. तेथे दुचाकी व तीनचाकी वाहने तयार होतात. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज ६ मानके लागू झाल्यानंतर नव्या पेट्रोल दुचाकींत कार्बोरेटरची जागा प्रामुख्याने इंधन अंतःक्षेपण प्रणालीने घेतली. या प्रणालीत तापमान संवेदकाच्या आधारे इंधनाचे प्रमाण ठरत असल्याने वेगळा चोक लागत नाही. त्यामुळे विद्युत चोकची जोडणी आता मुख्यतः जुन्या वाहनांच्या दुरुस्तीपुरती उरली आहे.