श्वासाचा शेवटचा मिलिमीटर

गळीत हंगामात अकलूजच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते. ऊस गाळून उरलेलं चिपाड, म्हणजे बगॅस, ओलसर ढिगात तापून बुरसलं आणि त्याची धूळ छातीत जात राहिली, तर बगॅसोसिस होऊ शकतो. वायुकोशांच्या भिंती सुजतात. असा कामगार बसल्या जागी ठीक दिसतो; पाठीवर पोतं घेतलं की धापा टाकतो. का, हे गणित नेमकं सांगतं.

श्वासनलिकेला सरासरी 23 वेळा फाटे फुटतात. स्वित्झर्लंडच्या एवाल्ड वायबेल यांनी 1963 मध्ये मांडलेला हा आराखडा आजही फुप्फुसाच्या गणिती प्रतिमानांचा पाया आहे. दर फाट्याला दोन नळ्या धरा, शेवटी 83 लाख 88 हजार 608 होतात! एकेक नळी बारीक, पण सगळ्यांचा मिळून छेद रुंदावतो: वर अडीच चौरस सेंटिमीटर, तळाशी सुमारे 11,800. नीरा उजव्या कालव्याचं पाणी चाऱ्यांतून सरीत उतरलं की मंदावतं, तसंच हे. अर्धा लिटर हवा दोन सेकंदांत ओढली, तर श्वासनलिकेत तिचा वेग सेकंदाला मीटरभर, तळाशी मिलिमीटरचा पाचवा हिस्सा. वारा पडलाच म्हणायचा.

तिथून पुढे ऑक्सिजनचे रेणू आपले आपण भरकटत जातात. या विसरणाचा हिशेब विचित्र आहे: अंतर दुप्पट, तर वेळ चौपट. मिलिमीटरला सेकंदाचा चाळिसावा भाग पुरतो, मीटरला सुमारे सात तास. म्हणून प्रतिमानाच्या समीकरणात वाहणं आणि विसरण दोन्ही घ्यावं लागतं.

मग उरते भिंत. ॲडॉल्फ फिक यांचा 1855 चा नियम इथेही लागू पडतो: जाडी दुप्पट, तर वायू निम्मा. विश्रांतीत रक्त केशवाहिनीत पाऊण सेकंद असतं आणि निरोगी फुप्फुसात पाव सेकंदात ऑक्सिजन भरून घेतं. उरलेल्या अर्ध्या सेकंदावर सुजलेली भिंतही निभावून जाते. पोतं उचललं की हृदय धावतं, रक्ताचा मुक्काम पाव सेकंदावर येतो आणि सवलत संपते.

फुंकायच्या साध्या चाचणीत ही भिंत थेट मोजली जात नाही. त्यासाठी मारी क्रोग यांनी 1915 मध्ये युक्ती काढली. किंचित कार्बन मोनॉक्साइड मिसळलेली हवा घ्यायची, दहा सेकंद रोखायची आणि सोडताना किती वायू कमी झाला ते पाहायचं. बगॅसच्या ढिगावर राबणाऱ्याला दम लागत असेल, तर डॉक्टरांकडे या चाचणीबद्दल जरूर विचारावं.