ठिपक्यांचा हिशेब

बुद्ध पौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यालगतच्या मचाणावर बसून येणारे प्राणी टिपून ठेवण्याच्या महाराष्ट्रातील जुन्या पद्धतीला आता प्रगणनेचा मान उरलेला नाही. ती 'निसर्गानुभव' झाली आहे. शास्त्राच्या कसोटीवर हा निर्णय योग्यच म्हणावा लागेल, कारण एकच चितळ पहाटेपर्यंत दोनदा पाण्यावर आले तर ते दोनदा मोजले जाई. तरीही त्या तक्त्यात चितळ, सांबर आणि भेकर यांना वाघाइतकाच हक्काचा रकाना होता, आणि नंतर आलेल्या यंत्रांनी तो भरून काढला नाही, ही सल राहते.

स्वयंचलित कॅमेऱ्याच्या पूर्वेतिहासात फार रेंगाळण्याचे कारण नाही. अमेरिकेत जॉर्ज शिरास यांची वन्यप्राण्यांची रात्रीची छायाचित्रे १९०६ मध्ये 'नॅशनल जिओग्राफिक'मध्ये छापली गेली, आणि १९९७ मध्ये जेकबसन व सहकाऱ्यांनी पांढऱ्या शेपटीच्या हरणांतील नर शिंगांच्या ठेवणीवरून वेगळे ओळखून, त्या प्रमाणावरून माद्यांचा व पाडसांचा अंदाज बांधण्याची रीत मांडली. चितळांच्या कळपात मात्र सर्व नरांची शिंगे एकाच हंगामात गळत नसल्याने ही रीत भारतात जशीच्या तशी लागू पडत नाही.

खरा विचार करायला हवा तो २००८ ते २०१८ या दशकाचा. सरिस्कातील वाघ नाहीसे झाल्यानंतर पाऊलठशांची मोजणी मागे पडली होती आणि कॅमेऱ्यांवर विश्वास बसू लागला होता. वाघ पट्ट्यांवरून ओळखता येतो, म्हणून तोच प्राणी पुन्हा किती वेळा टिपला गेला यावरून न दिसलेल्यांचाही अंदाज करता येतो. कळपातले प्रत्येक चितळ असे ओळखणे जवळजवळ अशक्य असते. याच अडचणीवर २००८ मध्ये रोक्लिफ व सहकाऱ्यांनी यादृच्छिक भेटीचे प्रतिमान सुचवले. प्राणी दिवसाकाठी किती अंतर चालतो आणि कॅमेऱ्याची नजर किती लांब व किती रुंद पोहोचते, हे ठाऊक असेल, तर ठरावीक काळात किती वेळा प्राणी टिपला गेला यावरून, एकही प्राणी न ओळखता, घनता काढता येते. घनता म्हणजे एका चौरस किलोमीटरमागे प्राण्यांची संख्या. अट एवढीच की कॅमेरे प्राण्यांच्या वाटा बघून न लावता नकाशावर चिठ्ठ्या टाकल्यासारखे कुठेही लावावेत.

भारतात नेमके उलटे घडले, आणि त्याला कारणही होते, कारण व्याघ्रगणनेचे कॅमेरे वाघ चालतो त्या जंगलरस्त्यांवरच लावावे लागतात. २०१८ च्या गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लागले आणि ३,४८,५८,६२३ छायाचित्रे जमली. त्यांत वाघांची ७६,६५१ आणि बिबट्यांची ५१,७७७ होती. उरलेला प्रचंड साठा इतर प्राण्यांचा असूनही, कॅमेऱ्यांच्या जागाच वाघासाठी निवडलेल्या असल्याने त्यातून हरणांची घनता सरळ काढता येत नाही. तृणभक्ष्यांची घनता आजही मुख्यतः ठरलेल्या सरळ रेषेवरून पहाटे चालत, दिसलेल्या प्राण्याचे अंतर व कोन नोंदवून काढली जाते. ही पद्धत भक्कम आहे, परंतु दाट झाडोऱ्यात लपणारे भेकर तिच्या नजरेतून सहज सुटते. ज्याच्या मांसावर वाघ जगतो त्याच्यासाठी त्या हजारो कॅमेऱ्यांपैकी काही थोडे जरी रस्ता सोडून रानात लावले असते, तरी एका दशकाची तुलना हाताशी आली असती. त्याऐवजी रस्त्याच्या दोन बाजूंना समोरासमोर बांधलेले कॅमेरे गुडघ्याच्या उंचीवरून वाट पाहत राहिले, आणि दहा पावलांवर गवतात चरणारा कळप कुठल्याच चौकटीत आला नाही.