द्वितीय भाषासंपादन व सार्वत्रिक व्याकरण

द्वितीय भाषासंपादन व सार्वत्रिक व्याकरण : मातृभाषा अवगत झाल्यानंतर दुसरी भाषा आत्मसात करण्याच्या प्रक्रियेस ‘द्वितीय भाषासंपादन’ म्हणतात. मानवी भाषांच्या रचनेची काही मूलतत्त्वे माणसाच्या ठिकाणी उपजतच असतात, असे प्रतिपादन अमेरिकन भाषावैज्ञानिक नोम चॉम्स्की (१९२८– ) यांनी केले. या तत्त्वांच्या समुच्चयास ‘सार्वत्रिक व्याकरण’ अशी संज्ञा आहे. मातृभाषा घडविणारी ही तत्त्वे दुसरी भाषा शिकतानाही कार्यरत असतात काय, हा या विषयातील मध्यवर्ती प्रश्न होय.

उपपत्तीचा आधार : मुलाच्या कानांवर पडणारी वाक्ये मर्यादित असतात, परंतु त्याला होणारे भाषेचे ज्ञान त्यांहून कितीतरी व्यापक असते. ‘लीलेला वाटते, की राजूने स्वतःला मारले’ या वाक्यात मार राजूला बसतो. ‘स्वतःला’च्या जागी ‘आपल्याला’ घातल्यास तो लीलेला बसू शकतो. राजूला मात्र नाही. हा नियम मराठी मुलास कोणी शिकवीत नाही, तरी तो त्यास ठाऊक असतो. मराठीतील या आत्मवाचक सर्वनामांचा काशी वाली यांनी विशेष अभ्यास केला आहे. १९८१ पासून चॉम्स्की यांनी सार्वत्रिक व्याकरणाची मांडणी ‘तत्त्वे व प्राचले’ अशी केली. तत्त्वे सर्व भाषांना समान असतात, तर प्राचलांचे पर्याय भाषेनुसार बदलतात. मराठीत कर्म क्रियापदाच्या आधी येते (‘मुलगा ऊस खातो’) आणि शब्दयोगी अव्यय नामानंतर येते (‘टेबलावर’). इंग्रजीत हे दोन्ही क्रम उलट असतात. या दोन्ही भेदांच्या मुळाशी एकच प्राचल असावे, असे या मांडणीत मानतात.

मतभेद : एरिक लेनबर्ग यांनी १९६७ मध्ये भाषासंपादनाचा विशिष्ट वयापर्यंतचा अनुकूल काळ सुचविला. रॉबर्ट ब्ले-व्हरोमन (१९८९) यांच्या मते प्रौढास सार्वत्रिक व्याकरण थेट उपलब्ध नसते. तो मातृभाषेचे ज्ञान व सर्वसाधारण बुद्धी यांवर विसंबतो. याउलट बॉनी श्वार्ट्‌झ व रेक्स स्प्राउस (१९९६) यांच्या मते शिकणारा प्रारंभी मातृभाषेचे संपूर्ण व्याकरण नव्या भाषेत आणतो आणि पुढे सार्वत्रिक व्याकरणाच्या साहाय्याने ते बदलत नेतो. मायकेल टोमासेलो (२००३) प्रभृती अभ्यासक उपजत व्याकरणाची कल्पनाच नाकारतात आणि वापर व अनुकरण यांतून भाषा घडते, असे मानतात.

बारामती-इंदापूर परिसर : पुणे जिल्ह्यातील या दोन तालुक्यांत हा प्रश्न केवळ तात्त्विक राहत नाही. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर इ. ठिकाणी साखर कारखाने असून, गळीत हंगामात मराठवाड्यातून येणाऱ्या ऊसतोडणी कामगारांत बंजारा भाषक कुटुंबेही असतात. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीमुळे हिंदी भाषकही येथे आले आहेत. अशा घरांतील मुलांना शाळेची मराठी हीच द्वितीय भाषा ठरते. हिंदीत दोनच लिंगे असल्याने हिंदी भाषक मूल ‘माझा घर’, ‘माझी पुस्तक’ असे म्हणते. पश्चिम महाराष्ट्रातील वडारी ही बोली तेलुगूशी संबद्ध आहे. तेलुगूत निर्जीव वस्तूंमध्ये पुल्लिंग-स्त्रीलिंग भेद नसल्याने ‘दगड’ पुल्लिंगी व ‘भिंत’ स्त्रीलिंगी, हे तो बोलणाऱ्या मुलास नव्याने शिकावे लागते. मराठी भाषक मूल ‘मी आंबा खाल्ला’ या धर्तीवर हिंदीत ‘मैं आम खाया’ म्हणते. मराठी शाळांत २००० पासून पहिलीपासून इंग्रजी शिकवितात. ‘पाऊस पडतो आहे’ या वाक्याच्या इंग्रजी रूपात अर्थशून्य ‘इट’ हा कर्ता हवा, हे मराठीवरून त्या मुलांना उमगत नाही.

अध्यापनातील महत्त्व : अशा चुका बेपर्वाईच्या किंवा मंदबुद्धीच्या निदर्शक नसतात. पिट कॉर्डर यांनी १९६७ मध्ये चुकांना शिकण्याच्या प्रगतीचा पुरावा मानले; लॅरी सेलिंकर यांनी १९७२ मध्ये शिकणाऱ्याच्या या नियमबद्ध, पण अपुऱ्या भाषेस ‘अंतरभाषा’ हे नाव दिले. सार्वत्रिक व्याकरणाविषयीचा वाद अनिर्णित असला, तरी चुकीमागे नियम असतो याविषयी बहुतेक अभ्यासकांचे मतैक्य आहे. हंगामापुरते वर्गात आलेले मूल ‘माझी पुस्तक’ म्हणाले, म्हणजे ते मराठीत कच्चे आहे एवढाच निष्कर्ष काढल्यास त्याचे शिक्षण तेथेच खुंटण्याचा संभव असतो. त्याच्या घरची भाषा ओळखून तो नियम शोधणे, हे अध्यापनाचे पहिले पाऊल ठरते.