तोंगझी
तोंगझी हा चिनी भाषेतील एक संबोधनवाचक शब्द आहे. 'समान ध्येय बाळगणारा' हा त्याचा शब्दशः अर्थ असून मराठीत तो सामान्यतः 'कॉम्रेड' असा अनुवादला जातो. सध्या तो समलिंगी व्यक्तींसाठीही वापरला जातो.

व्युत्पत्ती
'तोंग' म्हणजे समान आणि 'झी' म्हणजे संकल्प किंवा आकांक्षा. प्राचीन चिनी वाङ्मयात हा शब्द समविचारी व्यक्तींसंदर्भात आढळतो. सन यत-सेन यांच्या १९२५ सालच्या राजकीय मृत्युपत्रात अनुयायांना याच शब्दाने संबोधले आहे. पुढे क्वोमिंतांग आणि चिनी कम्युनिस्ट पक्ष या दोन्ही प्रतिस्पर्धी पक्षांत तो रूढ राहिला.

संबोधन म्हणून वापर
मराठीत 'कॉम्रेड' नावाआधी येतो. चिनीत मात्र 'तोंगझी' नावानंतर किंवा व्यवसायवाचक शब्दानंतर जोडतात. 'तोंगझीमन' हे त्याचे अनेकवचन होय. १९४९ नंतर चीनमध्ये लिंग व हुद्दा यांचा भेद न करता अनोळखी व्यक्तीलाही याच शब्दाने हाक मारली जाई. राजकीय मोहिमांच्या काळात अधिकृत मजकुरात एखाद्याच्या नावापुढून हा शब्द गळणे, हे त्या व्यक्तीची प्रतिष्ठा गेल्याचे लक्षण मानले जाई. १९७८ नंतरच्या आर्थिक सुधारणांच्या काळात 'श्यानशंग' (श्रीयुत) यांसारखी संबोधने पुन्हा प्रचलित झाली आणि दैनंदिन बोलण्यातून 'तोंगझी' मागे पडला. पक्षाचे कामकाज आणि लष्करी संचलन यांत तो आजही टिकून आहे.

नवा अर्थ
१९८९ साली हाँगकाँगमधील एका समलिंगी चित्रपट महोत्सवाच्या चिनी नावात एडवर्ड लॅम यांनी हा शब्द योजला. 'तोंगशिंगल्यान' (समलैंगिकता) या शब्दाला वैद्यकीय छटा होती. 'तोंगझी'त मात्र आदर आणि आपलेपणा होता. हा वापर तैवान व चीनमध्येही पसरला. तैवानमध्ये २००३ पासून भरणाऱ्या वार्षिक अभिमान यात्रेच्या चिनी नावातही हा शब्द आहे.

शब्दकोशाचा वाद
२०१२ मध्ये चीनमधील प्रमाणभूत 'आधुनिक चिनी शब्दकोशा'ची सहावी आवृत्ती प्रसिद्ध झाली. तीत हा नवा अर्थ वगळल्याने टीका झाली. अर्थ प्रचलित असला तरी त्याला प्रोत्साहन द्यायचे नाही, अशी संपादकांची भूमिका होती. ऑक्टोबर २०१६ मध्ये कम्युनिस्ट पक्षाने सदस्यांनी परस्परांना 'तोंगझी' असेच संबोधावे, असा नियम पुन्हा घालून दिला. त्यामुळे एकाच शब्दाचे दोन्ही अर्थ शेजारी नांदत असून नेमका अर्थ संदर्भावरून ठरतो.