मिरवणुकीतले साप आणि आजीची धामण

वरातीत घोडा असतो. मिरवणुकीत कधी हत्ती, फार झालं तर नंदीबैल. आता ही एक वेगळीच मिरवणूक बघा.

डोंगरातलं एक दगडी गाव. भर दुपारी बाराचा सुमार. चर्चच्या दारातून काही धट्टेकट्टे लोक खांद्यावर पालखीसारखी एक मूर्ती घेऊन बाहेर येतात. मूर्ती एका ख्रिस्ती संन्याशाची. बाहेर ताटकळलेली माणसं पुढे सरसावतात. त्यांच्या हातात फुलं नाहीत, हार नाहीत, साप आहेत. जिवंत, वळवळणारे! एकेक करून ते मूर्तीच्या खांद्यावर, गळ्यात, डोक्यावर ठेवले जातात. मग बँड वाजायला लागतो आणि सापांनी मढलेले संत अरुंद गल्ल्यांतून गावाची फेरी मारायला निघतात.

मी पहिल्यांदा या मिरवणुकीची चित्रफीत पाहिली तेव्हा शेजारी माझी भाची बसली होती. ती किंचाळेल असं मला वाटलं होतं. ती किंचाळली नाही, तिने विचारलं, "मामा, ते खाली पडत कसे नाहीत?"

वा! चावत कसे नाहीत, हे सगळेच विचारतात. पडत कसे नाहीत, हे कुणी विचारत नाही.

आधी गावाची ओळख करून घेऊ. गावाचं नाव कोकुल्लो. इटलीच्या मध्यभागी आब्रुत्सो नावाचा डोंगराळ प्रांत आहे, तिथे समुद्रसपाटीपासून साधारण ९०० मीटर उंचीवर हे गाव वसलंय. गावात राहणारी माणसं दोन-अडीचशे. तुमच्या शाळेच्या प्रार्थनेच्या रांगांत याहून जास्त मुलं उभी असतील. पण १ मे रोजी इथे हजारो लोक येतात. पूर्वी हा सण मे महिन्यातल्या पहिल्या गुरुवारी असायचा. वसईत किंवा गोव्यात कुणी मित्रमैत्रीण असेल तर त्यांच्या गावचं फेस्त तुम्हाला ठाऊक असेल: गावाचा पाठीराखा संत, त्याचा दिवस, त्याची मिरवणूक, पाहुणे आणि खाणंपिणं. कोकुल्लोचंही तेच. त्यांचे पाठीराखे संत म्हणजे सान दोमेनिको. हे सुमारे हजार वर्षांपूर्वी होऊन गेले. इसवी सन १०३१ मध्ये ते वारले. या डोंगरांतून हिंडत त्यांनी मठ उभारले. गावकरी सांगतात, की जाताना त्यांनी गावाला दोन वस्तू दिल्या: स्वतःचा एक दात आणि आपल्या खेचराच्या पायाचा एक नाल. दोन्ही तिथल्या चर्चमध्ये जपून ठेवलेत. सर्पदंश, दातदुखी आणि पिसाळलेली जनावरं यांपासून हे संत राखण करतात अशी लोकांची श्रद्धा आहे.

दातावरून आठवलं. चर्चमध्ये एक घंटा आहे, तिची साखळी हाताने ओढायची नाही, दातांत धरून ओढायची! मग म्हणे वर्षभर दात दुखत नाहीत. एखादा दुधाचा दात हलत असेल तर मात्र जपून. तो तिथेच राहायचा.

आता भाचीचा प्रश्न. साप पडत का नाहीत?

सापाला हात नाहीत, पाय नाहीत, नखं नाहीत. पण पाठीचा कणा बघा. माणसाच्या कण्यात ३३ मणके असतात, सापाच्या कण्यात दोनशेच्या पुढे, काही जातींत तीन-चारशेसुद्धा. प्रत्येक मणक्याला स्नायू बांधलेले. म्हणजे साप हा डोक्यापासून शेपटीपर्यंत नुसता एक लांबच लांब हात आहे म्हणा ना. मूर्तीचा कान, खांदा, बोटं, जिथे खाच किंवा उंचवटा मिळेल तिथे तो अंगाचं एक वेटोळं अडकवतो आणि बाकीचं अंग पुढे सरकवतो. शिवाय कोकुल्लोच्या मिरवणुकीत जे साप असतात त्यांतले बरेचसे झाडावर चढण्यात पटाईत. त्यातल्या एका जातीच्या पोटाखालच्या रुंद खवल्यांना दोन्ही बाजूंना बारीक कंगोरा असतो. झाडाच्या सालीच्या खडबडीत भागात तो कंगोरा रुततो आणि साप उभ्या खोडावर सरसर चढतो. त्याच्या हिशेबी संतांची मूर्ती म्हणजे एक झाडच. थोडं हलणारं, एवढंच.

आणखी एक गोष्ट. उघड्यावर, चहूबाजूंनी माणसं असताना साप घाबरतो. घाबरलेल्या सापाला अंग कशाला तरी टेकलेलं हवं असतं. म्हणूनच एरवी तो दगडाच्या फटीत नाहीतर बिळात घुसतो. मूर्तीच्या मानेशी गुंडाळून घट्ट बसला की त्याला जरा बरं वाटत असणार. लोक मात्र साप कुठे गुंडाळले, कुठल्या बाजूला सरकले, यावरून यंदाचं वर्ष कसं जाईल याचे अंदाज बांधतात.

"आणि बँडचा आवाज?" भाचीने विचारलं.

सापाला बाहेरचे कान नसतात, पण तो ठार बहिरा नाही. आतला कान असतो आणि तो जबड्याच्या हाडाशी जोडलेला असतो. जमिनीतले हादरे जबड्यातून थेट आत पोचतात. हवेतले खर्जातले आवाजही त्याला थोडेफार कळतात. म्हणजे सनई त्याच्यासाठी जवळपास वाया, ढोल पोचेल. आपल्याकडे पुंगीवर डोलणारा नाग असतो ना, तो सूर ऐकून डोलत नसतो. गारुड्याच्या हातातल्या हलत्या पुंगीवर त्याची नजर खिळलेली असते.

चावण्याचंही सांगून टाकतो. मिरवणुकीतले साप बिनविषारी असतात. या डोंगरांत विषारी साप आहेत, फुरशाच्या कुळातले, पण त्यांना कुणी हात लावत नाही. मिरवणुकीचा खरा मानकरी म्हणजे चेर्वोने. युरोपातल्या सगळ्यांत लांब सापांपैकी एक, दीड-दोन मीटरपर्यंत वाढणारा, पिवळसर तपकिरी, अंगावर डोक्याकडून शेपटीकडे जाणाऱ्या चार काळ्या रेघा. गंमत म्हणजे पिल्लांच्या अंगावर या रेघा नसतातच, ठिपके असतात. मोठं होता होता रेघा येतात. स्वभाव थंड. दुसरा सायेत्तोने, सडपातळ आणि चकचकीत. पोटाला कंगोरे असलेला तो हाच. वैद्यकाचं चिन्ह पाहिलंय? दंडाला गुंडाळलेला साप? प्राचीन ग्रीकांचा वैद्यांचा देव आस्क्लेपियस, त्याच्या देवळांशी याच जातीचं नाव जोडलं जातं. तिसरा गवतातला पाणसाप, आपल्या दिवडाचा लांबचा भाऊबंद. हा पक्का नाटकी! संकट आलं की उताणा पडतो, तोंड उघडतो, जीभ बाहेर लोंबकळत सोडतो, वर अंगातून असा काही घाण वास सोडतो की शत्रू म्हणतो, मेलेला दिसतोय, जाऊ दे. त्याला सुलटा केला तर पुन्हा उताणा होऊन पडतो. मेलेल्याने इतका हट्ट करू नये, हे त्याला कळत नाही.

हे साप पकडणाऱ्यांना सेर्पारी म्हणतात. घरोघरी बापाकडून मुलांकडे आलेली ही विद्या, आता मुलीही शिकतात. मार्चच्या शेवटाला ते डोंगरात हिंडायला लागतात. तेव्हाच का? तर त्या उंचीवर हिवाळा कडक असतो. सापाला आपल्यासारखी अंगात शेगडी नसते. बाहेर जितकं ऊन, तितकी त्याची ऊब. थंडीचे महिने तो जमिनीखाली निपचित पडून राहतो. वसंतात बाहेर येतो, पण अजून हवेत गारवा असतो. मग उन्हात तापलेल्या दगडावर येऊन शेकत बसतो. अंग अजून तापलेलं नाही, त्यामुळे चाल मंद. थंडीत सकाळी सहाला उठवल्यावर तुमची असते तशी. सेर्पारी नेमके तेव्हाच त्याला गाठतात. सणाच्या दिवशी ते साप मुलांच्या गळ्यात घालतात आणि साप मजेत मानेभोवती वळसा घेतो. मुलं म्हणतात, याला मी आवडलो. तसं काही नसतं हो. सापाच्या दृष्टीने तुम्ही म्हणजे एक ऊबदार फांदी.

आता आजीची धामण.

माझ्या आजीच्या गोठ्यात कडब्याच्या गंजीमागे एकदा धामण निघाली. चांगली माझ्या तेव्हाच्या उंचीपेक्षा लांब. आजी म्हणाली, "ही रात्री गाईच्या मागच्या पायांना विळखा घालते नि सड तोंडात धरून दूध पिते. म्हणून तर कपिला सकाळी कमी देते." मी कित्येक वर्षं हे खरं मानलं. तुमच्याही घरी कुणीतरी हे सांगितलं असेल.

आणि चेर्वोनेबद्दल वाचताना मी उडालोच. इटलीत या सापाचं आणखी एक नाव आहे, पास्तुराव्हाक्के. म्हणजे गाई चारणारा, गाईंचा गुराखी! का? तर तिथले शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत, की हा साप गाईच्या पायांना विळखा घालतो आणि दूध पितो. आजी कधी इटलीला गेली नव्हती. ते शेतकरी कधी आमच्या गोठ्यात आले नव्हते. तरी गोष्ट शब्दाला शब्द तीच.

खरं काय? काडीने सरबत पिऊन बघा. ओठ काडीभोवती घट्ट मिटतात, गाल आत जातात, तेव्हा सरबत वर येतं. सापाला असे मऊ ओठ नाहीत आणि गालही नाहीत. तोंडात आत वळलेल्या सुयांसारख्या दातांच्या रांगा. असं तोंड सडाला लावलं तर गाय शांत उभी राहील होय? लाथेने साप पार कुडाबाहेर जाईल. दूध पचवायची सोयही सापाच्या पोटात नाही. त्याचं जेवण उंदीर, पक्षी, अंडी.

मग दोन्हीकडे साप गोठ्यात कशाला येतो? उंदरांसाठी. जिथे गाई तिथे पेंड, जिथे पेंड आणि धान्य तिथे उंदीर, जिथे उंदीर तिथे धामण. नाहीतर चेर्वोने. शेतकऱ्याने दोन गोष्टी पाहिल्या, गोठ्यात साप आणि चरवीत कमी दूध, आणि मधली रिकामी जागा मनाने भरून काढली. इटलीतही तशीच भरली, आमच्या आळीतही. कपिलेचं दूध कमी का व्हायचं, ते मला आता कळलंय, पण त्यात माझ्या एका मावसभावाचा संबंध असल्यामुळे इथे लिहीत नाही.

सापाची भीती आणि सापाची पूजा या दोन्ही गोष्टी कोकुल्लोच्या डोंगरात सान दोमेनिकोंच्याही आधीपासून आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी तिथे मार्सी नावाचे लोक राहायचे. रोमन लोक त्यांना गारुडी म्हणूनच ओळखत. त्यांची एक देवी होती, आंजीत्सिया, सापांवर हुकमत चालवणारी. पुढे लोक ख्रिस्ती झाले, देवीची जागा संतांनी घेतली, असं बरेच अभ्यासक मानतात. साप मात्र तेच राहिले. आपल्याकडे सांगली जिल्ह्यात बत्तीस शिराळ्याला नागपंचमीला जिवंत नागांची मिरवणूक निघायची. ते नाग तर विषारी. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, पुढे प्रकरण न्यायालयात गेलं आणि त्या प्रथेला लगाम बसला.

कोकुल्लोत चेर्वोने पकडायलाही आता मनाई आहे, कारण युरोपात तो संरक्षित साप आहे. सेर्पारींना सणापुरती खास परवानगी मिळते, आणि गेली काही वर्षं त्यासोबत एक नवं काम जोडलं गेलंय. सापांचे अभ्यासक गावात येऊन बसतात. पकडलेला प्रत्येक साप त्यांच्यासमोर आणायचा. ते त्याची लांबी मोजतात, वजन करतात, नर की मादी ते पाहतात, आजारी तर नाही ना ते तपासतात. मग कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी एक चिप सरकवतात, तिच्यात त्याचा नंबर. त्याला कुठे पकडलं तेही लिहून ठेवतात. डोंगरभर हिंडून इतके साप शोधायला अभ्यासकांना किती वर्षं लागली असती! इथे अख्खं गाव ते काम करतं, तेही हौसेने.

मिरवणुकीत सापांच्या बरोबरीने टोपल्या डोक्यावर घेतलेल्या मुली चालतात. टोपल्यांत गोड पावाची कडी असतात, आपलीच शेपटी तोंडात धरलेल्या सापासारखी गोल. भक्त मंडळी चर्चच्या मागच्या बाजूची मूठभर माती बांधून घेतात, शेतात टाकायला. संध्याकाळपर्यंत गर्दी पांगते, रोमच्या बाजूची गाडी पकडायला लोक स्टेशनकडे पळतात.

सेर्पारींचं काम अजून संपलेलं नसतं. ज्या दगडाखालून साप उचलला होता तिथेच त्याला नेऊन सोडायचं असतं. दुसरीकडे सोडला तर त्याला नवं बीळ, नवी शिकार, नवा हिवाळ्याचा आसरा शोधावा लागेल. पिशवीचं तोंड उघडतं, चेर्वोने दोनदा जीभ बाहेर काढून हवा चाखतो आणि फटीत शिरतो. पुढच्या वसंतात कुणीतरी तोच दगड उलटेल. अभ्यासक सापाच्या पाठीवरून यंत्र फिरवतील, ते पीक करून वाजेल आणि पडद्यावर त्याचा गेल्या वर्षीचा नंबर दिसेल.

"म्हणजे तो पुन्हा मिरवणुकीत जाणार?" भाचीने विचारलं.

जाईल की. त्याला कुणी विचारलेलं नाही, ही गोष्ट वेगळी.