काकवीचा आमिश पाय, बिलोलीच्या चुलीवर

बिलोलीसारख्या तालुक्याच्या गावी ओव्हन असलेली घरं थोडी, आणि उन्हाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नाही. अशा घरात परदेशी बेकिंग करून बघायची हौस असेल तर सुरुवात आमिश लोकांच्या पदार्थांपासून करावी. त्यांचा स्वयंपाक विजेच्या भरवशावर चालत नाही.

आमिश कोण?

1693 मध्ये स्वित्झर्लंड आणि आल्सेस भागातल्या ॲनाबाप्टिस्ट ख्रिस्ती पंथात फूट पडली. याकोब अम्मान या धर्मनेत्याच्या बाजूने गेले ते आमिश. अठराव्या शतकात ते अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात येऊन शेती करू लागले. आज त्यांची संख्या चार लाखांच्या आसपास आहे. घोडागाडी अजून चालू आहे, आणि बहुतेक घरांत विजेच्या कंपनीची तार येत नाही. भट्टी पेटते ती गॅसवर नाहीतर लाकडावर.

शूफ्लाय पाय

हा पदार्थ एकट्या आमिशांचा नाही, पेनसिल्व्हेनियातल्या जर्मन वंशाच्या सगळ्याच शेतकऱ्यांचा. मैद्याच्या पारीत मोलॅसिसचं सारण, वर लोणी-साखर-मैद्याचा चुरा. मोलॅसिस म्हणजे उसाच्या रसातून साखर काढल्यावर उरलेला काळा, कडवट पाक. आपण गुऱ्हाळावरची काकवी घ्यावी. माझ्या मते ती सरसच लागते. काकवी मिळाली नाही तर पाव किलो गुळात थोडं पाणी घालून पातळ करून गाळून घ्यावा.

साहित्य आणि कृती

सात इंची भांड्याला हे माप पुरतं. मापाला वाटी एकच ठेवा.

पारीसाठी दीड वाटी मैदा, अर्धी वाटी थंड लोणी, चिमूटभर मीठ. लोणी बोटांनी चुरून दोन-तीन चमचे गार पाण्यात गोळा जमवायचा. मळायचा नाही, मळला की पारी चिवट होते. चुऱ्यासाठी एक वाटी मैदा, अर्धी वाटी गुळाची पावडर, दोन मोठे चमचे लोणी. सारणासाठी पाऊण वाटी काकवी, पाऊण वाटी गरम पाणी, अर्धा चमचा खाण्याचा सोडा, थोडा लिंबाचा रस. रसातल्या आंबटपणाने सोडा फसफसतो आणि सारण हलकं होतं. अंडं चालत असेल तर एक फेटून घाला. न घातल्यास तळ जरा ओलसर राहतो, इतकंच.

भांड्यात पारी लावा. निम्मा चुरा सारणात मिसळून ते पारीत ओता, उरलेला वर भुरभुरा.

वरचा जाळ

खरी अडचण इथे आहे. जाड बुडाच्या पातेल्यात मिठाचा थर, त्यावर तिवई, घट्ट झाकण आणि मंद आच: एवढ्याने पाय भाजतो, पण वरून पांढराच राहतो. पातेल्यात उष्णता खालून येते, ओव्हनमध्ये सगळीकडून.

यावरचा तोडगा मराठवाड्याला जुनाच ठाऊक आहे. रोडगे गवऱ्यांच्या आरात पुरले जातात, म्हणून खालीवर सारखे भाजतात. एकनाथांच्या भारुडात भवानीला नवस बोलला आहे तो याच रोडग्याचा. तीच युक्ती पातेल्याला लावा. झाकण म्हणून लोखंडी तवा ठेवा आणि शेवटची दहा-पंधरा मिनिटं त्यावर निखारे पसरा. हे अंगणातच करायचं, बंद स्वयंपाकघरात नाही. पातेलं आधी दहा मिनिटं तापवून घ्यावं. मग एकूण पाऊण तास लागतो. मधला भाग किंचित थरथरला तरी उतरवा, गार होताना तो बसतो.

कामाची वाटणी

चुरा करणं मुलांना द्या. त्यांच्या हातून लोणी जास्त मळलं गेलं तरी चुऱ्याला फरक पडत नाही. पारी मोठ्यांनी लावावी. निखारे मात्र आजीकडे सोपवा. आच किती ठेवायची हे घरात तिच्याइतकं कुणाला कळत नाही, आणि रोडगे केलेल्या हाताला पाय अवघड नाही.

गरम असताना कापू नका, सारण वाहून जाईल. रात्री भाजून झाकून ठेवा आणि सकाळी कोऱ्या चहाबरोबर खा. पेनसिल्व्हेनियातही तो पुष्कळ घरी न्याहारीलाच असतो.