धुराड्याचा परवाना

मोटार हाकायला परवाना लागतो, दुकान थाटायला परवाना लागतो, हे घरातील शाळकरी पोरालाही ठाऊक असते. परंतु कारखान्याच्या धुराड्यालाही परवाना लागतो, आणि त्यासाठी बॉयलरच्या पोटात काय जळते, किती जळते व त्यातून बाहेर काय पडते याचा इत्थंभूत जबाब द्यावा लागतो, हे पुष्कळांच्या गावीही नसते. असे अर्ज भरून देणे हा माझा पोटापाण्याचा धंदा. धंदा रूक्ष खरा. पण त्या रूक्ष कागदांत आपल्या सर्वांच्या श्वासाचा हिशेब असतो, म्हणून चार गोष्टी सांगाव्या म्हणतो.

धुरावर कायदा ही काही नवी टूम नव्हे. १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत कापडगिरणी स्थापन केली आणि पुढे हां हां म्हणता शहरावर धुराड्यांचे रान माजले. १९१२ साली मुंबई इलाख्यात धुराच्या उपद्रवाविरुद्ध कायदा झाला. त्या काळी धूर नुसत्या डोळ्यांनी जोखीत. पॅरिसच्या रिंगेलमान नावाच्या गृहस्थाने १८८८ च्या सुमारास एक तक्ता काढला होता: पांढऱ्या कागदावर काळ्या रेघांच्या जाळ्या, कुठे विरळ, कुठे दाट. तो समोर धरायचा आणि धूर कोणत्या जाळीइतका काळा आहे ते पाहायचे! पण सारे विष काळे थोडेच असते? कोळशातील गंधक जळून होणारा वायू डोळ्यांना दिसतच नाही. १९५२ च्या डिसेंबरात लंडनवर धुके व धूर मिळून पाच दिवस ठाण मांडून बसले आणि हजारो माणसे दगावली, तेव्हा साऱ्या जगाचे डोळे उघडले.

आपल्याकडे हवेचा कायदा १९८१ साली आला. १९८४ साली भोपाळची भीषण दुर्घटना घडली. त्यानंतर, १९८७ मध्ये, तो अधिक कडक करण्यात आला. त्याच्या २१ व्या कलमानुसार कारखानदाराला राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती घ्यावी लागते. तीही दोनदा! उभारणीपूर्वी एक, आणि यंत्रे चालू करण्यापूर्वी दुसरी. पहिली म्हणजे साखरपुडा आणि दुसरी म्हणजे लग्न. साखरपुडा झाला म्हणून कोणी संसार थाटीत नाही. तद्वत् पहिल्या संमतीवर बॉयलर पेटविता येत नाही.

चौदाचा आकडा

अर्जातील सर्वांत मौजेचा रकाना धुराड्याच्या उंचीचा. त्याचे एक सूत्र आहे. ताशी किती किलो गंधकवायू बाहेर पडतो तो आकडा घ्यायचा, त्याचा ०.३ वा घात करायचा आणि १४ ने गुणायचे. येते ती मीटरमधील उंची. ताशी १०० किलो कोळसा जाळला व त्यात अर्धा टक्का गंधक असले, तर गंधक झाले अर्धा किलो. जळताना ते आपल्याच वजनाइतका प्राणवायू घेते, म्हणजे वायू झाला एक किलो; आणि धुराडे झाले १४ मीटर. वायू दसपट झाला तरी उंची होते दुपटीचीच, २८ मीटर! परंतु उंच धुराडे विष नाहीसे करीत नाही. ते फक्त दूरवर पसरून पातळ करते. शेजारी उंच इमारत असली की वारा तिच्याभोवती घुटमळतो आणि सूत्राची उंचीही अपुरी पडते.

ठाण्याच्या बाजूला एका शेठजींचा कापड रंगविण्याचा छोटा कारखाना होता. कामगार बावीस. शेठ नवा बॉयलर बसवीत होते. कोळसा लागणार होता ताशी १०० किलो. शेठ म्हणाले, "अहो, पन्नास लिहा ना! धुराडे साडेअकरा मीटरमध्ये भागेल." मी म्हटले, "शेठ, अर्जात लिहाल ती तुमची मर्यादा. उद्या कोळशाची बिले कोणी मागितली तर?" शेठ गप्प झाले.

अर्जासोबत परिसराचा नकाशा द्यावा लागतो, म्हणून मी मागच्या चार मजली इमारतीच्या गच्चीवर गेलो. तिथे एक आजीबाई कुरडया वाळत घालीत होत्या. वरून पातळ धोतर पांघरलेले. त्या धोतरावर जुन्या धुराड्याची काजळी तिळासारखी पसरली होती. आजींचा सात वर्षांचा नातू जिन्यापाशी बसला होता. त्याला दमा. मी कागदावर रेघा ओढतो आहे हे पाहून आजी म्हणाल्या, "बाबा रे, तुझ्या त्या कागदावर आमची गच्ची दाखवलीस का?"

दाखविली. नकाशा पाहून शेठ कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "गच्ची कशाला काढलीत?" मी म्हटले, "शेठ, कागदावर नसली तरी तिथे ती आहेच."

दुधातले पाणी

धूर तपासतात कसा, हेही सांगितले पाहिजे. धुराड्याला एक छिद्र ठेवावे लागते. वळणानंतर व्यासाच्या आठपट अंतर सोडून, म्हणजे धूर सरळ वाहू लागला की मग. तिथून नळी घालून धूर ओढतात, आणि तोही धुराड्यात ज्या वेगाने वाहतो त्याच वेगाने. नाहीतर कणांचे प्रमाण चुकते. आधी व नंतर गाळणीचे वजन करतात. फरक तीच राख. यावर काही हुशार मंडळी युक्ती काढतात: धुराड्यात बाहेरची हवा सोडायची, म्हणजे दर घनमीटरमागे राख कमी दिसते! पण कायदाही कच्च्या गुरूचा चेला नव्हे. बॉयलरच्या धुरात कर्बवायू १२ टक्के आहे असे धरून हिशेब होतो. मोजताना तो ६ टक्केच निघाला, तर राखेचा आकडा दुप्पट केला जातो. दुधात पाणी घालणाऱ्या गवळ्याला गृहिणी जशी ओळखते, अगदी तसेच!

इकडे शेठजींनी आठ दिवस हिशेब मांडला. उंच धुराडे, राख अडविणाऱ्या कापडी पिशव्यांचे यंत्र आणि कोळसा एका बाजूला; नळाने येणारा गॅस दुसऱ्या बाजूला. गॅस महाग, पण त्यात राख नाही व गंधक नावापुरतेच. अखेर शेठजींनी गॅस घेतला. त्यापायी रंगाईचा दर वाढला, दोन जुनी गिऱ्हाइके तुटली, आणि त्या दिवाळीत कामगारांना बोनस दोन हप्त्यांत मिळाला. स्वच्छ हवा फुकट मिळते असे जे म्हणतात, त्यांनी हा हिशेब पाहावा. परंतु दमेकऱ्याच्या औषधाची बिले आजवर आजीबाईंच्या घरीच जात होती, हेही त्याच वहीत मांडले पाहिजे.

वाचकहो, ही केवळ कारखानदारांची गोष्ट नव्हे. आपल्या सोसायटीच्या जनरेटरच्या नळकांड्यालाही नियम आहे: किलोव्होल्ट-अँपिअरचे वर्गमूळ काढून ०.२ ने गुणावे, तितके मीटर ते इमारतीच्या वर हवे. ४०० चा जनरेटर असेल, तर गच्चीच्या वर ४ मीटर. एकदा वर जाऊन जरूर पाहा! आणि शेजारच्या धुराड्याविषयी शंका असेल तर नुसते नाकाला पदर लावून बसू नका. कायद्याच्या ५१ व्या कलमाप्रमाणे संमतीपत्रांची नोंदवही बाधित नागरिकाला पाहता येते. ४३ व्या कलमाप्रमाणे साठ दिवसांची नोटीस देऊन साध्या माणसालाही न्यायालयात फिर्याद नेता येते. मात्र त्याआधी एकदा त्या कारखानदाराला आपल्या गच्चीवर बोलवा. फराळाचे ताट पुढे ठेवा, आणि कुरडयांवरचे धोतर दाखवा.